जुना कारखाना घेण्याआधीचा ‘फेज वन’ अहवाल: पैसे कुठे वसूल होतात, कुठे पाण्यात जातात

ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली, भोसरी, चिकलठाणा. अशा ठिकाणी जुन्या केमिकल, प्लेटिंग किंवा इंजिनिअरिंग कारखान्याचा प्लॉट हातबदल होतो तेव्हा फाइल जाडजूड असते. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, एमआयडीसीचा हस्तांतरण आदेश, कर भरल्याच्या पावत्या, फायर एनओसी, सगळं असतं. जमिनीत काय मुरलंय यावर मात्र एक ओळ नसते. ही पोकळी भरायला जी सेवा विकली जाते ती म्हणजे ‘एन्व्हायर्नमेंटल साइट असेसमेंट’. बाजारात तिला फेज वन (नोंदी आणि पाहणी) आणि फेज टू (खोदून घेतलेले माती-पाण्याचे नमुने) म्हणतात. हे परीक्षण त्या सेवेचं आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही. एकाच कंपनीच्या दोन टीमच्या कामात इतका फरक असतो की नावावरून फार काही कळत नाही.

निकाल आधीच सांगून टाकू. ‘पर्यावरण अहवाल’ या नावाने स्वस्तात मिळणारा प्रकार: ५ पैकी शून्य. परदेशी साच्यातला नीटनेटका फेज वन: ५ पैकी ३. खडकापर्यंत नीट बोअर मारलेला फेज टू: ४, आणि चार हे मान्य करून की आपल्या बेसॉल्टमध्ये पाचव्या गुणाची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

साचा कुठून आला ते कळलं की त्याच्या मर्यादाही कळतात. अमेरिकेत १९८० च्या सुपरफंड कायद्याने दूषित जमिनीच्या सध्याच्या मालकावरही सफाईचा खर्च टाकला, मग घाण आधीच्या मालकाने केलेली का असेना. त्यातून सुटायची खरेदीदाराची मुख्य वाट: खरेदीआधी ठरलेली चौकशी पूर्ण केल्याचं दाखवायचं. त्या चौकशीचा साचा म्हणजे एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचं ई१५२७ हे मानक, सध्याची आवृत्ती २०२१ ची. जुन्या नोंदी, हवाई छायाचित्रं, जागेची पाहणी आणि मुलाखती असं त्याचं स्वरूप. त्यात मातीचा एकही नमुना घेत नाहीत, आणि मुलाखती, पाहणी वगैरे मुख्य भाग खरेदीच्या आधीच्या १८० दिवसांतले असावे लागतात. थोडक्यात, तो अहवाल अमेरिकन खरेदीदाराचं कायदेशीर कवच आहे.

आपल्याकडे ते कवच नाही, आणि नव्वद टक्के गैरसमज इथूनच सुरू होतो. ‘फेज वन करून घेतला, आता जबाबदारी विकणाऱ्याची’ हे वाक्य सौद्याच्या टेबलावर सर्रास ऐकू येतं. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात ‘ऑक्युपायर’ म्हणजे कारखान्याच्या किंवा जागेच्या कारभारावर ज्याचं नियंत्रण आहे तो. ताबा घेतला की तो तुम्ही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतला नियम २३ नुकसानीची जबाबदारी याच ऑक्युपायरवर टाकतो. २०१० च्या कायद्याने हरित लवादाला ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व लावणं बंधनकारक केलंय हे खरं, पण मूळ प्रदूषण करणारा कोण हे सिद्ध होईपर्यंत नोटीस गेटवर ज्याचा बोर्ड आहे त्याच्याच नावाने येते.

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातलं बिछडी प्रकरण खरेदीदाराने जरूर वाचावं. रंगांसाठी लागणारं एच-ॲसिड हे रसायन बनवणाऱ्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सफाईचा खर्च त्यांच्यावर टाकला आणि त्यांचे कारखाने, यंत्रसामग्री व बाकी स्थावर मालमत्ता जप्तीखाली आणली. पैसे भरायची टाळाटाळ झाली, तेव्हा २०११ मध्ये सुमारे ३७ कोटी ३८ लाखांची रक्कम १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरायचा आदेश झाला. अशा आदेशाखालची जमीन कुणी स्वस्तात विकायला काढली, तर ती स्वस्त का आहे हे सर्च रिपोर्टमध्ये दिसेलच असं नाही.

त्यात जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन संशयित जागा कळवणार, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करणार, त्यानंतर तीन महिन्यांत सविस्तर तपासणी. जागा दूषित ठरली की ती जाहीर होणार आणि वापरावर बंधनं येणार. जबाबदार कोण हे ठरवायलाही मंडळाला ९० दिवसांची मुदत आहे. सफाई कधी संपली पाहिजे याची मात्र तशी मुदत नाही. खरेदीदाराच्या दृष्टीने ही सगळ्यात वाईट स्थिती: नाव यादीत, बँकेचं कर्ज अडकलेलं, बांधकाम थांबलेलं आणि शेवटची तारीख कुणालाच माहीत नाही.

म्हणून इथे या सेवेकडून संरक्षणाची अपेक्षा ठेवू नये. अपेक्षा दोन गोष्टींची ठेवावी: भाव करायला आकडा, आणि ताबा घेतला त्या दिवशी जमीन कशी होती याचा पुरावा. या दोन्हींत जो अहवाल कमी पडतो त्याचा कागद कितीही गुळगुळीत असो, उपयोग नाही.

आता शून्य गुणांच्या प्रकाराबद्दल थोडक्यात. यात हवेचे दोन-तीन नमुने, डीजी सेटचा (डिझेल जनरेटरचा) आवाज, पिण्याच्या पाण्याचा तपास आणि संमतीपत्राच्या, म्हणजे कारखाना चालवायला प्रदूषण मंडळाने दिलेल्या परवानगीच्या, अटींची टिक केलेली यादी असते. सध्याचा मालक आज नियम पाळतो का एवढंच त्यातून कळतं. १९९५ साली मागच्या कुंपणाजवळ काय पुरलं, याचं उत्तर त्यात असू शकत नाही. गेटवरच्या हवेतली धूळ मोजून जमिनीची जोखीम कशी कळणार, हा प्रश्न विचारायला कुणाला सुचत नाही, कारण अहवालावर एनएबीएलचा, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचा, शिक्का असतो.

फेज वनची खरी किंमत कागदपत्रांच्या कामात आहे, आणि साच्यावर चालणारे सल्लागार नेमके तिथेच हात आखडतात. सॅटेलाइट चित्रं, भूगर्भाचा परिच्छेद, पावसाचं कोष्टक यांनी पानं भरतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयातली फाइल मात्र उघडलेली नसते. संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात, पण कारणे दाखवा नोटिसा, बंद करण्याचे आदेश, जप्त झालेली बँक गॅरंटी आणि जेव्हीएस म्हणजे संयुक्त दक्षता नमुन्यांचे निकाल फाइलमध्येच असतात. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. हा अधिकार नागरिकाला आहे, तेव्हा कंपनीच्या लेटरहेडवर न करता व्यक्तीच्या नावाने करावा. उत्तराची मुदत ३० दिवस. त्रयस्थ पक्षाला विचारायचं ठरलं तर आणखी लांबते. त्यामुळे बोलणी सुरू होताच अर्ज टाकायला हवा. सल्लागाराच्या कोटेशनमध्ये हे काम लिहिलेलं नसेल तर ते होणार नाही असं समजा.

दुसरं काम म्हणजे कचऱ्याचा ताळा. संमतीपत्रात घातक कचऱ्याचे वर्ग क्रमांकाने दिलेले असतात: ५.१ वापरलेलं तेल, २०.२ वापरून झालेली सॉल्व्हंट, ३३.१ रसायनांची रिकामी पिंपं, ३५.३ सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ. विकणाऱ्याकडून नमुना ४ (फॉर्म ४) ची वार्षिक विवरणपत्रं आणि नमुना १० (फॉर्म १०) च्या वाहतूक पावत्या मागा. समजा संमती ३५.३ च्या वर्षाला २४ टनांची आहे आणि तळोजा किंवा रांजणगावच्या विल्हेवाट केंद्राकडे वर्षाला ६ टनच गेल्याच्या पावत्या आहेत. दहा वर्षांत १८० टनांचा फरक पडतो. संमतीतला आकडा कमाल मर्यादेचा असतो, त्यामुळे एवढ्यावरून लगेच आरोप करता येत नाही. वीजबिलं आणि उत्पादनाचे आकडे शेजारी ठेवायचे. उत्पादन क्षमतेच्या आसपास चाललेलं असेल तर तो गाळ गेला कुठे? नियमाप्रमाणे तो आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मग उरतात तीन शक्यता: मागचा भराव, बाहेरचा नाला किंवा रात्रीचा टँकर. पहिली शक्यता तुमच्या सातबाऱ्यावर येते. हा ताळा घालून देणारा सल्लागार मिळाला तर बाकीची पानं त्याने नाही लिहिली तरी चालेल.

पाहणीला एक तास पुरत नाही. आवाराच्या सगळ्यात उतरत्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी, कारण पावसाचं आणि सांडलेलं सगळं तिथेच जातं. ईटीपीची (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेची) जुनी विटांची टाकी, पिंपं धुण्याचा ओटा, फर्नेस ऑइलची जमिनीखालची टाकी, डीजीखालचा तेलाचा डाग, प्लेटिंग शॉपच्या फरशीतल्या भेगा, कॅन्टीनमागचा शोषखड्डा हे सगळं नकाशावर यायला हवं. पावसाळ्यात भिंतीतून पिवळसर पाणी पाझरत असेल तर सहा संयुजेच्या क्रोमियमची शंका घ्यावी. ट्रान्सफॉर्मर जुना असेल तर तेलात पीसीबी हे घातक रसायन आहे का ते तपासून घ्यावं. २०१६ च्या आदेशाने त्याच्या वापराची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२५ ठरवली होती. मुलाखत मॅनेजरपेक्षा जुन्या वॉचमनची आणि फिटरची घ्यावी. ‘पूर्वी इथे खड्डा होता’ हे वाक्य मॅनेजर सहसा बोलत नाही.

आता फेज टू. इथे पैसे लागतात आणि इथेच वायाही जातात. आपल्याकडे वर काळी माती किंवा भराव, त्याखाली मुरूम, मग बेसॉल्ट. हाताने फिरवायचा ऑगर, म्हणजे माती खणायचं गिरमिट, मुरमावर अडकतो. साच्यातला सल्लागार तिथे ‘रिफ्युजल’ (पुढे खणता येत नाही) लिहितो, वरच्या मीटरभर मातीचे नमुने घेतो आणि जमीन स्वच्छ असल्याचं सांगून मोकळा होतो. पण यंत्राचे भाग धुवायला वापरलेलं ट्रायक्लोरोइथिलीन पाण्याच्या जवळपास दीडपट जड असतं. ते मातीत रेंगाळत नाही, फटींतून खाली उतरतं आणि खडकाच्या भेगांत साठून वर्षानुवर्षं विरघळत राहतं. वरची माती निर्मळ आणि विहीर नासलेली, असं चित्र त्यामुळेच दिसतं.

मग बोअरवेलवाल्याची डीटीएच रिग, म्हणजे बोअरच्या तळाशी हातोडा मारत खडक फोडणारं यंत्र, बोलावतात. खडक फुटतो, पण ती कॉम्प्रेसरच्या हवेने चालते. हवेबरोबर उडून जाणारी सॉल्व्हंट निघून जातात आणि कॉम्प्रेसरचं तेल नमुन्यात येतं. म्हणजे जे शोधायचं ते हरवतं आणि जे नव्हतं ते सापडतं. योग्य क्रम असा: माती आणि मुरमाचे नमुने आधी कोअर काढणाऱ्या यंत्राने घ्यायचे, डीटीएच फक्त खडकातल्या निरीक्षण विहिरीसाठी वापरायची, विहिरीत जाळीदार पाइप टाकून वरचा भाग बेंटोनाइटने (पाणी अडवणाऱ्या फुगणाऱ्या चिकणमातीने) बंद करायचा, काही दिवस ती स्थिर होऊ द्यायची, पाणी उपसायचं आणि मगच नमुना. वरचा भाग बंद केला नाही तर तुमचीच विहीर वरची घाण खाली नेणारी नळी ठरते. विहिरी किमान तीन हव्यात, त्याही एका रेषेत नकोत. नाहीतर भूजलाचा उतार काढता येत नाही आणि प्रदूषण शेजाऱ्याकडून येतंय की शेजाऱ्याकडे जातंय हे कळत नाही. बेसॉल्टमध्ये दहा मीटरवरच्या दोन बोअरचं पाणी वेगळं निघू शकतं, म्हणून एका स्वच्छ विहिरीवर भिस्त ठेवू नये.

हंगामाचाही विचार करावा. मे महिन्यात मुरमाचा थर कोरडा असतो, पाण्याचा नमुना मिळतच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोच थर भरून वाहतो आणि भरावातलं सगळं बरोबर नेतो. सौदा उन्हाळ्यात होणार असेल तर विहिरी तेव्हा खोदून ठेवाव्यात आणि पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या फेरीची अट करारात घालावी.

नमुना हाताळण्यातल्या चुका अहवालात दिसत नाहीत, म्हणून त्या वेळी तिथे आपला माणूस हवा. उडनशील रसायनांसाठी ४० मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरलेली, आत हवेचा बुडबुडा नको, बर्फाच्या पेटीत ४ अंशांच्या आसपास, आम्ल घातलेलं असेल तर १४ दिवसांत तपास. पाण्यातल्या सहा संयुजेच्या क्रोमियमला सर्वसाधारणपणे २४ तासच मिळतात. लोटे किंवा महाडहून शुक्रवारी संध्याकाळी निघालेला नमुना सोमवारी उघडला तर तो आकडा सोडून द्यावा. दर दहा नमुन्यांमागे त्याच जागेचा एक जुळा नमुना आणि प्रत्येक पेटीत शुद्ध पाण्याची एक कोरी कुपी मागावी. प्रयोगशाळेचं एनएबीएल प्रमाणपत्र पाहताना त्याच्या व्याप्तीची यादी उघडावी. पाण्यातलं शिसं मोजायची मान्यता असली म्हणजे मातीतल्या सॉल्व्हंटची असतेच असं नाही.

दोन युक्त्या अशा आहेत की त्या दिसल्या की अहवाल परत पाठवावा. एक, पाच ठिकाणची माती मिसळून एक नमुना करणं. एका ठिकाणी ५,००० मिलिग्रॅम प्रतिकिलो असेल आणि बाकी चार स्वच्छ असतील तर मिश्रणात १,००० दिसतं. खर्च वाचतो आणि डागही पुसला जातो. दुसरी, चुकीची फूटपट्टी. घातक कचऱ्याच्या नियमांतलं अनुसूची २ हे ‘हा कचरा घातक आहे का’ ठरवण्यासाठी आहे, जमीन सुरक्षित आहे का हे ठरवण्यासाठी नाही. त्यात झिरपणाऱ्या शिशाची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मध्ये तीच ०.०१ आहे. पाचशे पटींचा फरक. ‘अनुसूची २ च्या मर्यादेत’ या शब्दांवर समाधान मानणारे खरेदीदार पुष्कळ आहेत. अनेक अहवाल डच (नेदरलँड्सची) मर्यादा मूल्यं वापरतात, उदाहरणार्थ मातीतल्या खनिज तेलासाठी ५,००० मिलिग्रॅम प्रतिकिलो. काही अमेरिकन घेतात. केंद्रीय मंत्रालयाच्या २०१५ च्या मार्गदर्शक दस्तऐवजात पातळ्या जमिनीच्या वापराप्रमाणे पाहिल्या आहेत. कुठलीही फूटपट्टी घ्या, पण ती कोणत्या वापरासाठी आहे आणि का निवडली हे लिहिलेलं हवं. कोडाईकनालच्या बंद थर्मामीटर कारखान्यात मातीतला पारा किलोला २० मिलिग्रॅमपर्यंत आणणं पुरेसं आहे का, यावर वर्षानुवर्षं वाद चालला.

जागा तशीच गोदाम म्हणून वापरायची आणि खोदायची नसेल तर जोखीम एका मर्यादेत राहते. ऐरोली, रबाळे, महापे इथे जुन्या रासायनिक प्लॉटवर डेटा सेंटर आणि आयटी इमारती उभ्या राहतात, तिथे गणित वेगळं आहे. पायासाठी माती उपसली की ती माती तुमचा कचरा. ती घातक निघाली तर कचरा निर्माण करणारे तुम्ही, विल्हेवाट केंद्राचं बिल तुमचं आणि नमुना १० वर सहीसुद्धा तुमची. खड्ड्यातलं पाणी पंपाने नाल्यात सोडलं तर प्रदूषित पाणी सोडणारेही तुम्हीच. त्यामुळे फेज टूच्या बोअरची खोली पायाच्या खोलीपेक्षा जास्त हवी. आर्किटेक्टचा नकाशा सल्लागाराला न देता बोअरच्या जागा ठरवणं ही नेहमीची चूक. बंद इमारतीत जमिनीतून येणाऱ्या वाफेचा प्रश्न वेगळा. सॉल्व्हंट वापरलेल्या जागी मातीतल्या वायूचे नमुने घ्यायलाच हवेत.

निकाल हातात आल्यावर काम वकिलाचं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ विकणाऱ्याला माहीत असलेला आणि साध्या काळजीने न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करायला सांगतं, पण करारात उलट लिहिलं तर ते कलम बाजूला पडतं. म्हणून ‘आहे तशी’ ही ओळ नीट पाहावी. हमीपत्र घेताना ते देणारा उरणार आहे का हे बघावं. विक्रीनंतर विसर्जित होणाऱ्या भागीदारी संस्थेच्या हमीपेक्षा रकमेचा काही भाग एस्क्रोमध्ये (त्रयस्थाच्या खात्यात), निदान पावसाळ्यानंतरच्या नमुन्यांपर्यंत अडकवून ठेवणं बरं. फेज टूचा अहवाल ताब्याच्या तारखेसह करारनाम्याला जोडावा, दोघांच्या सह्यांसह. जुनं संमतीपत्र बंद करायचं काम आणि शिल्लक गाळ-पिंपं उचलायचं काम विकणाऱ्याकडून ताब्याआधी करून घ्यावं. विमा काढायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या: आधी माहीत असलेलं प्रदूषण सहसा पॉलिसीतून वगळलेलं असतं.

कोटेशन मागताना एकरकमी आकडा घेऊ नका. बोअरची संख्या, प्रत्येकाची खोली, खडकातल्या मीटरचा वेगळा दर, नमुन्यांची संख्या, प्रत्येक नमुन्यात कोणती रसायनं आणि मंडळाची फाइल तपासण्याचं काम, हे सगळं सुटं लिहून घ्या. एका मध्यम प्लॉटला फेज वनसाठी साधारण दोन-चार आठवडे आणि फेज टूसाठी त्यावर महिना-दीड महिना धरावा. आठ दिवसांत दोन्ही देतो म्हणणाऱ्याला प्रयोगशाळेचा वेळ कुठून आणणार ते विचारा. अहवाल कुणाच्या नावाने निघेल हेही ठरवा: तो विकणाऱ्याने करून घेतलेला असेल तर सल्लागार तुम्हाला उत्तरदायी नसतो. अहवालावर तुम्ही विसंबू शकता असं सल्लागाराने लिहून दिलेलं विश्वास-पत्र, म्हणजे ‘रिलायन्स लेटर’, आधी मागून ठेवा, बँकेसाठीही.

बँकेच्या लिलावात यातलं फारसं काही करता येत नाही. जागा ‘जशी आहे, जिथे आहे’ मिळते आणि पाहणीला बहुतेक एकच दिवस दिला जातो. त्या दिवशी खणायला परवानगी नसते. तेव्हा मंडळाच्या संकेतस्थळावरून जुनी संमतीपत्रं आधीच उतरवून घ्यावीत, कचऱ्याचे वर्ग क्रमांक पाहावेत, आवारातली आणि कुंपणाबाहेरची उताराकडची विहीर किंवा बोअर शोधून तिथल्या पाण्याचा नमुना घ्यावा. त्यात क्रोमियम, तेल किंवा सॉल्व्हंट निघालं तर बोलीतून सफाईचा अंदाज वजा करावा, आणि तो अंदाज बांधता येत नसेल तर अनामत भरू नये.